तिकिटाच्या मागे

अमरावती, ता. ४ फेब्रुवारी १९६२

आज रविवार. सकाळी वह्या तपासल्या, दुपारी भात खाल्ला, मग पत्राचे तुकडे मांडून बसले.

चि. रविकांतभाऊजींस अनेक आशीर्वाद. वि. वि.

हे हॉलंडमध्ये वारल्याची तार आली आणि दोन दिवसांनी त्यांच्या घरमालकिणीचे माझ्या नावाचे पत्र अकोल्याला आले. सासूबाईंनी मृत्यूचे पत्र समजून ते रिवाजाप्रमाणे फाडले आणि डोक्यावरून अंघोळ केली. घरात कोणाला डच येत नव्हते, तरी कोणी त्यांचा हात धरला नाही. मला त्या रिवाजाची शिसारी आली आहे. तुम्ही तुकडे उचलून पाठवलेत, एवढे बरे केलेत.

कॉलेजच्या ग्रंथालयातून डच व्याकरण आणले. असली भाषा पाहिली नाही. साध्या वाक्यात क्रियापद दुसऱ्या जागी हटून बसते आणि त्याचा उरलेला भाग पार शेवटी फेकलेला असतो. पाट एका पंगतीत, ताट दुसरीत. मात्र 'दात' म्हणजे 'की' आले, की सगळे क्रियापद आपल्यासारखे शेवटी जाते. ह्या नियमाने दहा तुकडे जुळले. तारखेवरून पत्र ह्यांच्या मृत्यूच्या आधीचे आहे. त्यात घरमालकिणीचे एक वाक्य अर्धे राहते. तुमचे दुसरे पत्र आले, मला वाटते की त्यांनी ते, आणि पुढे चौकोनी भोक.

पहिल्या पत्रात मी त्यांना फार टाकून बोलले होते. दुसऱ्यात माफी मागितली होती. ती त्यांनी वाचली का, एवढेच मला हवे आहे. तुकडा शोधा.

सर्वांना जपा. आहे तो लोभ असू द्यावा.

चारुशीला


अकोला, ता. ८ फेब्रुवारी १९६२

ती. गं. भा. वहिनींस रविकांतचा शि. सा. नमस्कार.

चौकोनी भोक वाचून मान खाली गेली. तुकडे उचलताना हॉलंडचे तिकीट म्हणून मीच ते कापले आणि माझ्या वहीत डकवले. पत्राचा कागदच दुमडून त्यावर तिकीट लावले होते. मागे मजकूर असेल हे ध्यानात आले नाही. आणि मी वकील म्हणवतो. आईला सांगितले, तर ती म्हणाली, गेलेल्याचा कागद तिले काहून पायजे, कायले जीव जाळून राहिली. तुमची जाऊ शैला म्हणते, वहिनींनी शाळेत मुलींना व्याकरणाने रडवले, आता डच लोकांची पाळी.

तुकडा डिंकासकट सोबत आहे. रागवा, पण उत्तर धाडा. लोभ ठेवा म्हणायला तोंड नाही, तरी म्हणतो.

रविकांत


अमरावती, ता. १४ फेब्रुवारी १९६२

चि. रविकांतभाऊजींस आशीर्वाद.

शाळेतून आल्यावर तुकडा कोमट पाण्यात सोडला. शाई थोडी पसरली, पण क्रियापद शेवटी होतेच. मला वाटते की त्यांनी ते न फोडता उशीखाली ठेवले आहे. त्याच्या खालच्या ओळीत आहे, बरे वाटले की वाचीन म्हणतात.

त्यातही मी टाकून बोललेच असेन, असे त्यांना वाटले असणार.

त्यांनी माझे पत्र फोडले नाही. तुम्ही आलेल्या पत्रावरचे तिकीट तेवढे घेतले. तुमचा राग नाही, ह्या सगळ्याची किळस येते; आणि सर्वांत आधी माझ्या त्या पहिल्या पत्राची येते.

तिकीट कागदापासून सुटले आहे. सोबत पाठवते, वहीत लावा. पाकिटावर गं. भा. लिहीत जाऊ नका, नाव पुरे. सासूबाईंना नमस्कार. लोभ तुटलेला नाही.

चारुशीला

ता. क. पत्र पूर्ण चिकटवून झाले. वाटीत खळ वाळली आहे, ती घासायला घेते.