दोन गावांची एक टीम

२ मार्च २०२५

ती. आबांस,
धम्मपालचा सप्रेम जयभीम. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि इथलं नेट समुद्राच्या मर्जीवर चालतं, म्हणून पत्र. सुखरूप पोचलो. हा देश म्हणजे एक बेट आणि त्यावर दोन गावं, वरचं आणि खालचं. गारगोटीच्या बाजाराला याहून जास्त माणसं येत असतील. तरी यांची फुटबॉल टीम पहिल्यांदाच मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत पोचली आहे आणि कोच तुमचा मुलगा! जूनमध्ये सामने. एक तरी जिंकावा म्हणून सगळा देश डोळे लावून बसलाय. पुन्हा अशी संधी यांना मिळेल असं वाटत नाही.

अडचण एकच, पोरं फार गुणी. समोरच्याला धक्का लागला की आधी त्याला उठवतात, मग बॉल शोधतात. यांच्यात ईर्षा कशी आणू? तुम्ही इतकी वर्षं कोल्हापुरात पेठेच्या टीमकडून फुटबॉल खेळलात, तुम्हीच सांगा.

आईला जयभीम. माया असावी.
तुमचा,
धम्मपाल


कोल्हापूर, २४ मार्च

चि. धम्मपाल यास जयभीम व अनेक आशीर्वाद.

तुझी आई विचारते, तिथं भाकरी मिळती का नुसती मासळीच खातोय. तेवढं आधी कळव, नाहीतर ती मला सुखानं जेवू देणार नाही.

तुझ्या दुखण्यावर औषध सोपं आहे. दोन गावं आहेत ना? मग दोन पेठा कर. रोज वरचं विरुद्ध खालचं सामना लाव, गावकऱ्यांना झेंडे घेऊन बोलव. आपली पोरं पेठेच्या नावावर दुखऱ्या पायानं पळतात ते उगीच नाही. परवाचा दोन पेठांचा सामना मारामारीमुळे अर्धवट राहिला, पण पब्लिक काय होतं! आमच्या वेळचा गोलकीपर हंबीरराव शेजारीच होता. म्हणाला, खुन्नस न्हाय तर ती मॅच न्हाय, वरात हाय.

तब्येतीला जप.
तुझा,
आबा


१९ एप्रिल

ती. आबांस जयभीम. वि. वि.

तुमचं औषध लागू पडलं, जरा जास्तच. आठवडाभर पोरं जीव तोडून खेळली. मग म्हाताऱ्यांना मासेमारीच्या हद्दीचं जुनं भांडण आठवलं. कुणी शिवी दिली, कुणी नारळ फेकून मारला. आता दोन्हीकडची पोरं एकत्र जेवतसुद्धा नाहीत. काल दोन्हीकडची पोरं मिसळून दोन टीम केल्या आणि सराव सामना खेळवला. एक फॉरवर्ड गोलसमोर मोकळा उभा राहून ओरडत होता. त्याच्याच टीममधल्या वरच्या पोरानं त्याला पास दिला नाही, कारण तो खालचा.

मी दोन्ही गावांच्या जाणत्यांपुढे हात जोडले. ते म्हणाले, कोचसाहेब, सुरुवात तुम्हीच केलीत. खरंच आहे. आबा, खुन्नस लावायला मला येते. ती काढायची कशी, ते लवकर कळवा. मला भीती वाटते आहे.

तुमचा,
धम्मपाल


कोल्हापूर, १४ मे

चि. धम्मपाल यास आशीर्वाद.

पत्र घेऊन तडक स्टेडियमवर गेलो. जुने खेळाडू बसले होते, त्यांना वाचून दाखवलं. पेठांचं कधी कसं मिटलं, कुणाला आठवतंय का म्हणून विचारलं. मग हंबीरराव म्हणाला, मिटलंय कुठं? आपुन म्हातारं झालो, एवढंच की.

पोरा, तुझी आई म्हणते, पोरांस्नी एका परातीत जेवायला घाल. दुसरं काही सुचत नाही.

तुझा,
आबा


२९ जून

ती. आबांस जयभीम. वि. वि.

तिन्ही सामने हरलो. पहिल्यात नऊ गोल खाल्ले. आईचं ऐकून मोठी परात मध्ये ठेवली होती. तिचा मान म्हणून पोरं बसली, आपापल्या बाजूचं जेवली आणि उठली.

शेवटच्या सामन्यात आमचा एक गोल झाला. वरच्या पोरानं मारला. वरची पोरं धावत जाऊन त्याला बिलगली. खालची जागेवरच उभी राहिली. एवढ्या मोठ्या स्पर्धेतला देशाचा पहिला गोल, आबा, आणि निम्मी टीम खाली बघत होती. मला रडू आलं.

काल देशाची टीम मोडली. दोन्ही गावं आपापली टीम काढणार आहेत. कोच म्हणून दोघांनीही मलाच बोलावलंय. म्हणतात, असा कोच पुन्हा मिळायचा नाही.

मी परतीचं तिकीट काढलं आहे. होती तेवढी माया ठेवा.
तुमचा,
धम्मपाल