दाजी, महादेव अजून पाण्यातच आहे

ता. कन्नड, जि. छत्रपती संभाजीनगर
भादव्याची अखेर (पाऊस चालूच)

तीर्थस्वरूप विश्वजितदाजी यांच्या चरणी धाकटा मेहुणा ऋतुराज याचा दंडवत. (नाव ऋतुराज, पण एकही ऋतू ऐकत नाही, असं तुम्ही मागच्या खेपेला म्हणालात तेव्हा मी हसलो होतो. आता हसू येत नाही.) पुण्यात तुम्ही आणि स्वरालीताई खुशाल असालच. तुमचा गुडघा कसा आहे? इकडं अण्णा ठणठणीत, म्हैस अण्णांहून ठणठणीत. फक्त आपली अद्रक गुडघाभर पाण्यात उभी आहे आणि आमचं सगळं वर्ष तिच्यासोबत उभं आहे. फोन तुम्ही उचलत नाही, म्हणून हे पत्र.

धोंड्याच्या महिन्यात तुम्ही धोंडे खायला आलात, तेव्हा मृग कोरडा चालला होता हे आठवत असेल. गावानं ठरवलं की महादेव कोंडायचा. म्हणजे पिंड बुडेपर्यंत गाभारा पाण्यानं भरायचा, दार मातीनं लिंपायचं आणि पाऊस येईपर्यंत देवाला तसाच ठेवायचा. जीव गुदमरला की तो ढग धाडतो. (देवाशी वागायची ही रीत नव्हे हे मान्य, पण विनंत्या करून झाल्या होत्या.) पहिली घागर कोणी ओतायची यावरून भांडण जुंपलं. धोंड्याच्या महिन्यात जावई म्हणजे साक्षात नारायण, म्हणून तो मान तुम्हाला दिला. टँकरच्या पाण्याची घागर तुम्ही ओतलीत, फोटो काढून घेतलात आणि मग पारावर बसून हवामान बदल म्हणजे काय ते आम्हाला समजावलंत. तोवर आमची समजूत अशी होती की पाऊस नुसती थट्टा करतोय. तो बदललाय हे पुण्याहून कळलं. थेंब न थेंब अडवा, असंही तुम्ही बजावलंत.

त्यानंतर आम्ही फार सुधारलो. पूर्वी कावळ्यानं घरटं कुठल्या फांदीवर बांधलं ते बघून पेरायचो. आता मोबाइल बघून पेरतो, त्यामुळं दोनदा पेरावं लागतं. अण्णांनी कपाशी सोडून अद्रक लावली, ठिबक केलं, शेततळ्यात प्लास्टिकचा कागद अंथरला. दुष्काळाची तयारी इतकी चोख की दुष्काळानं लाजावं. तो खरंच लाजला आणि आलाच नाही. पेरणीपुरत्या चार सरी झाल्या, श्रावण नुसत्या वाऱ्यात गेला आणि भादव्यात साऱ्या पावसाळ्याचा पाऊस एकदम उतरवून ढग मोकळे झाले. शेततळं भरलं, विहीर भरली, चुलीच्या राखेत बेडूक येऊन बसला. अद्रकीला पाणी लागतं, पण पायाशी तुंबलेलं चालत नाही, गड्डा सडतो. आई रोज बांधावर जाते, एक गड्डा उपटते, वास घेते आणि काही न बोलता घरी येते. दाजी, ते बघवत नाही.

तुमची भिंत मात्र भक्कम आहे हो! आमच्या वावराच्या खाली, नाल्याच्या अलीकडं, फार्महाउसला तुम्ही जी दगडी भिंत घातलीत, तिचा एवढ्या पाण्यात टवकासुद्धा उडाला नाही. येणारे-जाणारे थांबून बघतात.

तर परवा पारावर गाव जमलं, हा पाऊस थांबत का नाही याचा विचार करायला. सगळ्या रीतीभाती तोंडपाठ असलेली आमची म्हातारी दगडाबाई म्हणाली, "देव कोंडला, पाऊस आला, अन् सोडला कोणी? त्यो अजून पाण्यातच बसलाय. मंग पाऊस थांबंल कसा?" खरंच, पहिली सर आली तसे आम्ही पेरणीला जे पळालो ते देवाला विसरूनच गेलो. (गरज सरो, वैद्य मरो.) सरपंच राजकुमार म्हणाला, दार फोडू. दगडाबाई कडाडली, "हात नाय लावायचा! ज्यानं कोंडला त्यानंच सोडायचा. जावयाला बोलवा." तेव्हापासून गाव तुमचं नाव ज्या प्रेमानं घेतंय ते पत्रात लिहिता येत नाही. रजा काढून यावं, पाण्याची एक घागर उपसावी, बाकीचं आम्ही बघतो.

अण्णा-आईचे आशीर्वाद. ताईला नमस्कार. लोभ असू द्यावा, आणि पुण्यात शिल्लक असेल तर थोडं ऊन धाडावं.

तुमचा,
ऋतुराज

ता. क. जावयाला तोंडावर काही बोलायचं नाही हा अण्णांचा दंडक, म्हणून सहीच्या खाली लिहितो. वावरातलं पाणी महादेवानं नाही, तुमच्या भिंतीनं धरलंय. पूर्वी ते त्याच वाटेनं नाल्याला जायचं. रिमझिम पावसात भिंत कोणाला नडली नसती. आता पाऊस ओततो, आणि थेंब न थेंब अडतो. सांगितलं ते करून दाखवणारे तुम्ही एकटेच निघालात. भिंतीला तळाशी एक भगदाड पाडू द्यावं, एवढीच विनंती.

आणखी ता. क. परवानगीची घाई करू नका. काल सकाळी पत्र पाकिटात घालण्याआधी ताईला फोन लावला होता. ती म्हणाली, "खुशाल पाड, त्यांचं मी बघते." भिंत काल दुपारीच फोडली. खालच्या सऱ्यांतली अद्रक सडून गेली, वरची वाचली, आणि आई बांधावरून घरी येताना माझ्यावर ओरडत आली. फार बरं वाटलं. गावात सांगितलंय की कोंडलेल्या महादेवानंच रागानं भिंत फोडली. तेव्हा तक्रार द्यायचीच झाली तर त्याचं नाव घाला. दार अजून लिंपलेलं आहे. तुम्ही येईपर्यंत आरोपी कुठं जात नाही.