माफीचा साक्षीदार

प्रिय ताई,

तुला लिहायचं नाही असंच ठरवलं होतं. तेराव्याला सगळे तुझे गुण गात होते तेव्हा मी गप्प बसले, कारण माझं डोकं तापलं होतं आणि गेलेल्या माणसावर चिडलेलं लोकांना चालत नाही. पण काल तुझ्या सोनिवलीच्या घरात जे झालं ते तुला कळवल्याशिवाय मला चैन पडायची नाही. शिवाय तुझ्याशी भांडायचंय.

तुझी सायली आज हैदराबादला परत गेली. तेराव्यानंतर ती बापाशी एक शब्द बोलत नव्हती. मी इथे कॅम्प एकच्या बाजारात माझ्या दुकानात साडीला पिको करतेय आणि हिचा फोन, "मावशी, पप्पांना सांग, चहा ठेवलाय." पप्पा तिच्या समोर बसलेले! मग एक दिवस म्हणाली, "आता गेले की या घरात परत येणार नाही."

याचं मूळ कोण? तूच. रहस्यकथा वाचून सुगावे शोधायला शिकवलंस, आधी मला, मग तिला.

आठवतंय ना, विठ्ठलवाडीच्या चाळीत मी मेथी निवडायची आणि तू वाचनालयातून आणलेल्या रहस्यकथा मोठ्याने वाचायचीस? शब्द अडला की पुढे जाऊच द्यायची नाहीस. "लाडू गेला ही घटना. तुझ्या फ्रॉकवर रवा सांडलाय तो पुरावा. आई तुझ्याकडे बघतेय म्हणून तू संशयित. अजून आरोपी नाहीस, रडू नकोस." इतकं चोख शिकवायचीस की शाळेतल्या बाईंचा मला राग यायचा.

'माफीचा साक्षीदार'वरून मात्र तू चाळभर माझं हसं केलंस. मी चौथीत होते गं. मला वाटलं, कोणी कोणाची माफी मागत असेल तेव्हा शेजारी उभा राहून बघतो तो माफीचा साक्षीदार. "अगं बावळट, तो गुन्ह्यात सामील असतो. खरं सांगतो म्हणून त्याला माफी मिळते." पोरं कितीतरी दिवस मला 'ए साक्षीदार' म्हणून हाका मारत होती.

आणि एवढं सगळं शिकवून शेवटी आमच्यावरच चालवलंस काय, तर दिशाभूल. जायचीस दवाखान्यात आणि सांगायचीस, अंबरनाथला मैत्रिणीकडे वास्तुशांत आहे. एकदा तर चक्क पितृपक्षात! पितृपक्षात कोण वास्तुशांत करतं गं? आणि मी काय विचारलं तुला, तर जेवायला काय होतं. तू म्हणालीस, श्रीखंड-पुरी.

लेखक प्रामाणिक असला तर सुगावा आधीच डोळ्यांसमोर ठेवतो, असं तू सांगायचीस. मग हा तू माझ्यासाठी ठेवला होतास का? मी पकडावं म्हणून? तसं असेल तर ताई, सरळ तोंडाने सांगायला काय झालं होतं? मी फॉल-पिको करणारी बाई, मला कशाला असली कोडी घालायची?

सायलीने मात्र पकडलं. आयुष्यात कप न विसळलेले भाऊजी दिवाळीपासून रोज सकाळी पेज शिजवत होते, ते तिला व्हिडिओ कॉलवर मागे दिसलं होतं. तू गेल्यावर तिने सगळे धागे जोडले. पप्पांना तुझ्या आजाराचं आधीपासून माहीत होतं, आणि तिला बोलावलं ते अगदी शेवटी.

परवा भाऊजी दुकानात आले. स्टुलावर बसले आणि म्हणाले, "तिने सायलीची शपथ घातली होती. पोरीची नवी नोकरी आहे, सोडून येईल म्हणाली."

"मग हेच सांगा ना तिला."

"आणि तुझ्या ताईवर ढकलू? ती आता उत्तर द्यायला आहे का? त्यापेक्षा माझ्यावर रागावू दे."

बघ, तुझ्यासाठी हा माणूस पोरगी गमवायला निघाला होता. मी वैतागून म्हटलं, "भाऊजी, तुम्ही माफीचा साक्षीदार व्हा."

त्यांनी कधी पुस्तक हातात धरलंय? "म्हणजे काय करायचं असतं?"

"उठायचं आणि खरं सांगायचं."

साडी न्यायला आलेल्या सिंधी काकू ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "जाओ भाईसाब, बच्ची से बोल दो. दीदी, मेरी साडी कल दे देना."

काल मीही गेले सोनिवलीला. सायली बॅग भरत होती. भाऊजी दारातच उभे राहून बोलले, "मला माहीत होतं. आईने शपथ घातली होती, पण पाळली मी. चुकलं माझं."

ती एकाच ड्रेसची पुन्हा पुन्हा घडी घालत होती. मग म्हणाली, "मी आले असते, पप्पा."

"म्हणून तर तिने सांगू दिलं नाही."

मग ती रडली. म्हणाली, "मी तुम्हाला नाही नाही ते बोलले. सॉरी पप्पा." भाऊजींनी विचारलं, "पेज करू?" ती हो म्हणाली.

आणि मी स्वयंपाकघराच्या दाराला टेकून, हातात पाण्याचा तांब्या घेऊन, नुसती बघत होते. चौथीत मला वाटलं होतं तशीच, ताई. हस आता.

त्या दोघांचं मिटलं. राहिलीस तू. मुख्य आरोपी फरार, आणि माझा राग आहे तिथेच आहे. रोज दुपारी फोन उचलते तुला दोन शब्द सुनावायला, आणि परत खाली ठेवते.

पण एक कबूल करते. सायली पाडव्याला घरी येतेय, तोवर दर रविवारी मी सोनिवलीला जाईन, भाऊजींना एकटं जेवू देणार नाही. आणि तुझी पहिली अविधवा नवमी येईल तेव्हा खीर-वडे तर होतीलच, पण तुझ्या पानात मी श्रीखंड-पुरीही वाढीन. पितृपक्षातली वास्तुशांत आहे, दुसरं काय असणार जेवायला?

तुझ्यावर अजून चिडलेली,
नंदा