‘हॅविंग अ हार्ड टाइम’ची शंभर वाक्ये

२ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ६.१०
सोळा तारखेला हॉलंडचा डाळिंबे घेणारा पाहुणा एमआयडीसीतल्या आमच्या पॅकहाऊसला येणार. त्याच्याशी जो इंग्रजीत बोलेल तो ग्रेडिंग लाइनचा सुपरवायझर. मानसिंग साहेबांनी परवा सर्वांसमोर सांगितले. उमेदवार दोनच, मी आणि संदेश. संदेशला इंग्रजीत ‘नो प्रॉब्लेम’ एवढेच येते. ते तो कुत्र्यालाही म्हणतो. मी बारावीला इंग्रजीत नापास असलो तरी माझे एकही स्पेलिंग चुकले नव्हते. फक्त उत्तरे चुकली होती.

३ फेब्रुवारी
चुलत बहीण उत्कर्षा बारामतीला बी.एस्सी. करते. तिला म्हटले, एकच वाक्प्रचार दे, पण दणकट दे. तिने दिला : हॅविंग अ हार्ड टाइम. म्हणजे जड जाणे, नाकी नऊ येणे.
आपल्याकडे माणूस गळ्यापर्यंत बुडाला तरी ‘निवांत हाय’ म्हणतो. अडचण नीट सांगता येणे ही सुशिक्षिताची खूण आहे.
संकल्प : पंधरा तारखेपर्यंत शंभर वाक्ये. रोज सर्वांत चांगले वाक्य स्टेटसला. लोक वाचणार म्हटले की स्पेलिंगवर लक्ष राहते.
वाक्य १ : आय ॲम हॅविंग अ हार्ड टाइम.
वाक्य २ : माय गोट इज हॅविंग अ हार्ड टाइम. (शेळी मजेत आहे. केवळ उदाहरण.)

५ फेब्रुवारी
स्टेटस : माय मदर इज हॅविंग अ हार्ड टाइम विथ मी. तीनदा तपासून टाकले.
दुपारच्या एसटीने मोरगावहून कुंडलिक मामा हजर. सोबत बाजरीचे पीठ आणि बिस्किटाचा पुडा. दोन तास ओसरीत बसले. पाऊस, शेळ्या, गुडघा, सगळे बोलले, आले कशाला ते बोलले नाहीत. जाताना आईला हळू आवाजात म्हणाले, पोरगं वाळलंय, इचारू नका, पर लक्ष ठिवा.
नऊ वाक्यांचा वेळ गेला.

८ फेब्रुवारी, रविवार
सकाळी सोमेश्वरनगरहून तानूबाई आत्या. तिनेही काही विचारले नाही, नुसती पाठीवरून हात फिरवत राहिली. मधे येऊन गेलेल्यांचे धरून बिस्किटांचे पुडे आता सात.
आत्या गेल्यावर आई समोर बसली. म्हणाली, “अवी, काय केलंस ते सांग. आमी रागवत न्हाय.”
मी सांगितले, ही नुसती उदाहरणे आहेत.
“व्हय,” आई म्हणाली. “आधी समदी तसंच म्हणत्यात.”
उत्कर्षाचा फोन. खाली ‘सरावासाठी’ असे लिही म्हणाली. साफ नकार दिला. खाली टीप द्यायला स्टेटस म्हणजे काही शाळेची वही नाही. लोकांचे अज्ञान ही माझी जबाबदारी नव्हे.

११ फेब्रुवारी
आजवरचे सर्वोत्तम : ॲट वर्क आय ॲम हॅविंग अ हार्ड टाइम लिफ्टिंग बॉक्सेस. (मी दोन-दोन बॉक्स एकदम उचलतो. पण वाक्य बघा.)
पाहिले : ११२. त्यात खुद्द मानसिंग साहेब, सकाळी ७.४२. माझे इंग्रजी वरपर्यंत पोचले.
चहाच्या सुट्टीत संदेशने माझी कंबर दुखते का म्हणून विचारले, आणि माझे बॉक्स स्वतः उचलले. प्रतिस्पर्धी घाबरला आहे.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार
साहेबांनी केबिनमध्ये बोलावले. खुर्ची दिली. चहा सांगितला.
“अविराज, तू बोलला नाहीस, पण मी वाचलं,” ते म्हणाले. “दुखणं अंगावर काढू नये.”
सोमवारपासून मी गेटवर. बसून काम. लाइन तूर्त संदेश बघेल.
ते उदाहरण होते, असे सांगणार होतो. पण साहेबांचा आवाज जड झाला होता. अशा वेळी माणसाला खोटे पाडणे बरे दिसत नाही. शिवाय वाक्यात त्यांनी एकही चूक काढली नाही, हे नोंदवतो.
विचारांती : गेट हीच मोक्याची जागा. पाहुणा आधी गेटवर येणार, मग लाइनवर. म्हणजे संदेशच्या आधी मी. साहेबांच्या हे लक्षात आलेले दिसत नाही.

१५ फेब्रुवारी
शंभर पूर्ण. आईने मोरगावच्या गणपतीला नारळ बोलला आहे. कशासाठी ते विचारले नाही. शेवटचे पाठांतर शेळीसमोर केले. न अडखळता.

१६ फेब्रुवारी, सोमवार. सायंकाळी ५.३०
१०.२० ला गाडी आली. मी दोरी ओढली. गेटचा आडवा बांबू अर्ध्यावर जाऊन अडकला. दोरी कप्पीत गुंतली. आणखी ओढली, तळहात सोलला. बांबू गाडीच्या काचेपुढे लोंबकळत राहिला.
पाहुण्याने काच खाली केली, मान बाहेर काढली आणि सावकाश विचारले, “इज देअर अ प्रॉब्लेम?”
शब्द न् शब्द कळला. शंभर वाक्ये तयार होती. वाक्य ६४ तर दोरीवरच होते.
मी म्हणालो, “नो प्रॉब्लेम, सर.”
पाहुणा बांबूकडे बघत राहिला. तेवढ्यात लाइनवरून संदेश पळत आला, बांबू खांद्यावर घेतला आणि माझ्याकडे बोट करून म्हणाला, “सर, ही इज हॅविंग अ हार्ड टाइम.”
पाहुणा हसला. गाडीतून उतरून त्याने संदेशशी हात मिळवला. दोघे लाइनपर्यंत चालत गेले. मी बांबू धरून उभा.
दुपारी संदेश सुपरवायझर झाल्याचे साहेबांनी जाहीर केले. चहाला तो माझ्याजवळ येऊन बसला. म्हणाला, रोज तुझंच स्टेटस पाठ करत हुतो गड्या, उपकार हायत तुझे.
म्हणजे माझी पद्धत अचूक होती. हे आज सिद्ध झाले. उत्कर्षाला कळवणार आहे.
आजचे स्टेटस : नो प्रॉब्लेम. स्पेलिंग तपासले.
पाहिले : ११८. कोणी आले नाही. चहाबरोबर मामांचा पुडा फोडला. मऊ पडला आहे.