उतरलेलं वजन

६ जानेवारी, सोमवार

वजन ६२. ऑक्टोबरात ७१ होतं. नऊ किलो उतरले, आणि आज गोपिकाला पलंगावरून खुर्चीत बसवताना माझेच पाय लटपटले. ती निसटली. नशीब, जमिनीवर नाही, पलंगाच्या कडेवर टेकली. वर्षभरापासून तिची उजवी बाजू हलत नाही, सावरायचं ते मलाच.

मागच्या वर्षी पोट सुटलेलं होतं तरी मी हिला एका दमात उचलायचो. आता पोट उतरलं तर जमत नाही. हे उलटं कसं?

वर तीच मला विचारते — "लागलं का तुमाले?"

७ जानेवारी

भांडी घासणाऱ्या यमुताईने अपूर्वला फोनवर सांगून टाकलं. लगेच मुलगा पुण्याहून सुरू. "बाबा, तुमच्याच्यानं आता होत नाही. इकडं एक केंद्र आहे, नर्स राहतात. आईले तिथं ठेवू, तुम्ही माझ्याकडे या." म्हणजे ती एकीकडे, मी दुसरीकडे. बेचाळीस वर्षांनी.

फोन स्पीकरवर होता. गोपिकाने सगळं ऐकलं.

मी म्हटलं, मार्चपर्यंत थांब. तो म्हणाला, "मार्चमध्ये येतो. उचलून दाखवा, मग बोलू." मुलगा बापाची परीक्षा घेणार.

९ जानेवारी

ऑक्टोबरातल्या आरोग्य शिबिरातला डॉक्टर म्हणाला होता, पोटाची चरबी कमी करा, नाहीतर तुम्हीच आडवे व्हाल, मग काकूंना कोण पाहील? तिच्यासाठीच तर केलं. पोळी बंद, वरण बंद, अंडी बंद. सकाळी काकडी, संध्याकाळी मुरमुरे. रोज अमरावती रोडने ट्रकांची धूळ खात पाच किलोमीटर. यात माझं चुकलं काय?

११ जानेवारी, शनिवार

प्रीती, महिन्यातून एकदा येऊन गोपिकाला व्यायाम देणारी पोरगी, मला तिच्या दवाखान्यात घेऊन गेली. मशीनच्या दोन मुठी धरायला लावल्या. चरबी ३२ टक्के. ऑक्टोबरात शिबिरात ३१ होती.

मला वाटलं मशीन बिघडलं. घरी येऊन हिशोब मांडला. तेव्हा ७१ किलोत चरबी बावीस. आता ६२ किलोत वीस. म्हणजे नऊ किलोतले दोनच चरबीचे. उरलेले सात कशाचे?

"मांसाचे, काकाजी," प्रीती म्हणाली होती. "उपाशी राहिलं का शरीर मांसही खाते. काकूले पोट उचलते का मांडी?"

मला राग आला. वाडीच्या गोदामात छत्तीस वर्षं पोत्यांच्या वजनकाट्यावर होतो मी. सातवी शिकलेला असलो तरी वजन मला कळतं. पण खरं सांगायचं तर पोत्यातून काय कमी झालं हे काटा कधीच सांगत नव्हता. किती तेवढंच सांगायचा.

१३ जानेवारी

आता प्रीती म्हणे, खा! दोन अंडी, दोन वेळा वाटीभर घट्ट वरण, दही, फुटाणे. आणि हात न टेकता खुर्चीतून उठायचं, बसायचं. दहा-दहा वेळा, तीनदा. तीन महिने पोट मारलं ते काय उगाच?

व्यायाम जेवणाआधी करायचा. गोपिकाचं ताट त्याच वेळेला असतं. म्हणाली, "तुम्ही बाहेर तुमचं करा. मी डाव्या हातानं जेवते. यमुताई आहे ना."

मी दहा म्हणता सात केले. आतून तिने मोजले होते.

२५ जानेवारी

वजन ६२. गुडघे दुखतात. काही होत नाही यानं.

२ फेब्रुवारी, रविवार

वजन ६२.५. चरबी वाढली असणार. प्रीतीला फोन केला तर हसली. "वाढू द्या काकाजी, काट्याकडे पाहू नका." काट्याकडे पाहू नका, हे मला सांगते!

अपूर्वचा फोन. केंद्राचे फोटो पाठवले. खोलीत चार पलंग. गोपिकाने एकेक फोटो बोटाने मोठा करून पाहिला.

१६ फेब्रुवारी

आज गोपिका थोडी सहज उचलली गेली. मला भास झाला असेल.

२८ फेब्रुवारी

भास नाही. आज थांबावं लागलं नाही. उठबशा तीस. प्रीती म्हणते ते खरं निघालं, मांड्यांतच सगळं आहे. शिबिरातल्या डॉक्टरला कुणीतरी सांगायला हवं.

१५ मार्च, शनिवार

अपूर्व आला. चहा व्हायच्या आधीच म्हटलं, बघ. एका दमात उचलली, खुर्चीत ठेवली, परत पलंगावर. धापही लागली नाही.

तो आईकडे पाहत होता. "आई उतरली का गा, बाबा?"

मी काही म्हणायच्या आत तीच बोलली — "दुखण्यातलं माणूस जाड होते का रे?"

जेवताना म्हणाला, "ठीक आहे. राहा इथंच." मी तीन पोळ्या खाल्ल्या. अडुसष्टाव्या वर्षी परीक्षा पास झालो.

१७ मार्च, सोमवार

नवीन गोळीसाठी डॉक्टरने गोपिकाचं वजन मागितलं. ती उभी राहू शकत नाही. तिला हातांवर घेऊन काट्यावर चढलो, यमुताईने आकडा वाचला. एकशे चार. माझे साडेत्रेसष्ट वजा केले. साडेचाळीस. दिवाळीत दवाखान्यात एकोणपन्नास भरली होती.

पुन्हा चढलो. तेवढंच.

यमुताई पदर चाचपत म्हणाली, "काकू रोज अर्धं ताट वापस देते. सांगू नको म्हणे."

मी गोपिकाला विचारलं, काहून वं?

"आता उचलता येते ना तुमाले?" गोपिका म्हणाली. "मंग झालं."