फळ्यावरची विहीर

४ फेब्रु.
सकाळीच सरपंच दारात. माझाच विद्यार्थी. "गुरुजी, आदर्श गावाच्या स्पर्धेत उतरायलोत. पंचायतीच्या भिंतीवर गावाची गोष्ट लिहायची हाय. अक्षर तुमचंच पाहिजे." गोष्ट ठरवूनच आला होता: बहात्तरच्या दुष्काळात सगळ्या गावाने मिळून विहीर खोदली.

सगळ्या गावाने! गावच्या विहिरीत आम्हाला पोहरा सोडू देत नव्हते, म्हणून आमच्या बौद्धवाड्यातल्या अकरा जणांनी खोदली ती. बाबांची दोन बोटं त्या खडकात गेली. अकरातली आता एकटी माय उरली आहे.

५ फेब्रु.
जाऊन तोंडावर सांगितलं, खोटं लिहिणार नाही. तो हसला. "तुमीच तर शिकवलं, गुरुजी. 'माझे गाव' निबंध. दहापैकी नऊ दिलते मला."

खरं आहे. नवी नोकरी, वर्गात दोन्हीकडची पोरं, उगाच कुणाचा बाप भांडायला नको... मीच फळ्यावर लिहून द्यायचो, 'गावाने एकजुटीने विहीर खोदली.' दरवर्षी. तसाच घरी परत आलो.

९ फेब्रु.
तीन दिवस वरच्या आळीची पन्नासेक माणसं आमच्या विहिरीतला गाळ काढायला येत होती. जन्मात वाड्यात पाय न टाकलेली. एक जण मलाच सांगतो, "आमच्या आज्यानं खोदलेली हाय ही!" छाती फुगवून. मी चहा दिला. दुसरं काय करणार?

गाळ काढा म्हणून आम्ही वीस वर्षं अर्ज केले, कुत्रं फिरकलं नाही. खोट्यावर तीन दिवसांत विहीर साफ.

१२ फेब्रु.
झरे मोकळे झाले. पुरुषभर पाणी. सरपंचाचा शब्द: स्पर्धेची समिती येऊन गेली की पंप, आणि वाड्यात घरोघर नळ. पाइप येऊन पडलेत. बायका रोज जाऊन हात लावून बघतात. उन्हाळ्यात दीड किलोमीटर हंडे वाहणाऱ्या बायका आहेत, त्यांना काय म्हणू?

भिंत लिहायला घेतली.

१४ फेब्रु.
संपली. अक्षर छान आलं, त्याचाच राग येतोय.

उद्या परभणीहून समिती. मायचा सत्कार आहे, 'गावासोबत खोदणारी माउली' म्हणून. संध्याकाळी तिला भिंतीपाशी नेलं. "वाच," म्हणाली. वाचलं.

"ह्यात तुजा बाप कुठं हाय?"

"गावात आलाच की, माय."

काठी टेकत ती भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. मग म्हणाली, "उद्या मला माईक देतेल का?"

"देतील. दोन शब्द बोला म्हणतील."

"दोनात कसं भागंल? अकरा नावं हायत."

घरी येऊन तिने उद्यासाठी पेटीतलं पांढरं लुगडं काढून ठेवलं. सरपंचाला कळवू का? फोन हातात घेऊन बसलोय. पाइप अजून पुरलेले नाहीत.