बरं हाय की

३ मार्च १९७८, शुक्रवार
सोलापूर! नोकरी लागली, खोली मिळाली, आणि खोलीत पंखा आहे. त्याचं एक पातं वाकडं आहे, कुरकुरतो, पण इथल्या उन्हात वाकड्या पंख्यालाही जावयाचा मान. होटगीच्या स्टेशनावर चहा विकला, मंद्रूपच्या बाजारात दुकानांच्या पाट्या रंगवल्या, तिथून इथं. सातवी नापास, पण अक्षर मोत्यासारखं. तेवढ्यावर डॉक्टर रुद्राणीबाईंनी ठेवून घेतलं. स्कूटरवरून पडून त्यांचा उजवा हात प्लास्टरात आहे. त्या मनाच्या डॉक्टर. पेशंटनं बोलायचं, बाईंनी ऐकायचं, आणि पेशंटची हरकत नसेल तर मी बाजूला बसून लिहायचं. खोली दवाखान्याच्या वरच. झाडलोट करणाऱ्या रंभाबाई म्हणाल्या, ऐकायचा पगार मिळतो व्हय रे जोतीराम? मग माझा नवरा आत्तापातूर सावकार व्हायला पायजे होता!

७ मार्च
बाईंना विचारलं, माणूस असा खचतो कशानं? करणीनं? त्या म्हणाल्या, एकच कारण नसतं. कुणाच्या रक्तातच ते थोडं असतं, आईकडून, आजीकडून आलेलं. त्यात कुणाचं माणूस जातं, कुणाचं गाव जातं. आणि ते बोलायला समोर कुणी नसतं. मग मातीची भिंत पावसात बसते तसा माणूस आतल्या आत बसतो. गरज पडली तर गोळ्या देते, पण भिंत परत उभी राहते ती बोलून.
त्यांचा एक नियम आहे. ऐकणाऱ्यावरही साचतं, म्हणून रोज संध्याकाळी सहाला पंधरा मिनिटं मी त्यांच्यापाशी बोलायचं. आज विचारलं, घरी कोण कोण? म्हटलं, कुणी नाही, आपलं बरं चाललंय. आणि सटकलो. कोपऱ्यावर शेंगाचटणी कुटत होते. दोन बाया, एक उखळ, मुसळं एकमेकांना लागत नाहीत! ते बघण्यात तास गेला.

१३ मार्च
आज शिवम्मा आल्या. पन्नाशीच्या, पाच महिने दर सोमवारी येतात. दोन वर्षांमागं त्यांची लेक बाळंतपणात गेली. म्हणाल्या, तवापासनं माझ्या खोलीच्या कोपऱ्यात एक बाई पाठ करून बसती. तोंड कधी दाखवत न्हाय. कुणी विचारलं, शिवम्मा, बरं हाय का, की मी तोंड उघडायच्या आत तीच बोलती, बरं हाय की. माझ्याच आवाजात. इचारणारा खूश होऊन जातो.
बाई ‘बरं आहे का’ असं कधीच विचारत नाहीत, हे माझ्या आज ध्यानात आलं. त्यांनी विचारलं, काल किती भाकरी थापल्या? अंघोळ कधी केली? मग हळूच, लेकीचं नाव काय होतं? शिवम्मा पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मग म्हणाल्या, नीलम्मा. दोन वर्षांत पहिल्यांदा. आणि रडल्या.
माझा कागद भिजला. मी का रडावं, कळलं नाही. सहाला बाईंकडं गेलो नाही. रस्त्यात उंट आला होता.

२० मार्च
शिवम्मा बाहेर बाकावर बसून हुंदके देत होत्या. मला बघवेना. लहानपणी मी रडलो की आई करायची तेच केलं. त्यांच्या तोंडावरून दोन्ही हात उतरवले, माझ्या कानशिलांवर बोटं मोडली, म्हटलं, तुमची इडापीडा मला लागू दे. दहाच्या दहा बोटं कडकड वाजली.
शिवम्मा रडायच्या थांबल्या. मग ओरडल्याच, आरं येड्या, थोरांनी धाकट्याची घ्यायची असती! धाकट्यानं थोराची घ्यायची नसती! उलटं केलंस की!

२८ मार्च
काल शिवम्मांनी कडक भाकरी आणली होती. हसल्यासुद्धा. म्हणाल्या, कोपरा रिकामा झाला.
आज गिरणीचा तीनचा भोंगा झाला आणि मी खोलीत आलो. बाहेर पांढरंफेक ऊन. माझ्या कोपऱ्यात कुणी तरी पाठ करून बसलेलं. पंखा जोरात होता. तिचा पदर हलत नव्हता.

१ एप्रिल
रोज तीनला. आता चारपर्यंत.
बाईंनी विचारलं, जोतीराम, जेवतोस ना नीट? मी सगळं सांगायला तोंड उघडलं. ऐकू आलं, बरं हाय की. आवाज माझा. ओठ मी हलवले नव्हते.

४ एप्रिल
दुसऱ्याबद्दल बोलायला गेलं की तोंड माझं असतं. म्हणून विचारलं, शिवम्मांचं ते दुसऱ्याला लागतं का? बाई म्हणाल्या, त्या काय उवा आहेत, एका डोक्यातून दुसऱ्यात जायला? शिवम्मा पाच महिने बोलल्या म्हणून सुटल्या, तुझ्या बोटांनी नव्हे. ज्याचं असतं ते त्याच्याच कोपऱ्यात बसतं. तुझं कोण आहे, जोतीराम?
बरं हाय की.
सोमवारी प्लास्टर निघणार. मग माझं काम संपलं. मग विचारणारंही कुणी नाही.

६ एप्रिल
पाठ ओळखली. हिरवं लुगडं, खांद्यावर पांढरं ठिगळ. शाळेची पाटी पुसायच्या माझ्या फडक्याचं.
आई. दगडाबाई.
उजनीच्या पाण्यात गाव गेलं. नव्या वसाहतीत पत्र्याच्या खोलीत ती भिंतीकडं तोंड करून बसायची. मी दारातूनच विचारायचो, आये, बरं हाय का? ती म्हणायची, बरं हाय की. मला तेवढंच हवं असायचं. जत्रा बघायला निघून गेलो. परत आलो तेव्हा तिला जाळून तीन दिवस झाले होते. शेजारी म्हणाले, खाणंच सोडलं होतं.
हे कुणाला सांगितलं नाही. कुणालाच —

८ एप्रिल
दिवसभर असते. सरकली. माझ्या खाटेला टेकून. भाकरी गिळत नाही. रंभाबाई दारातून म्हणाल्या, भिंतीकडं तोंड करून काय बसलास रं, सुतकी? बरं हाय का?
मी भिंतीकडं — मला कळलंच नव्हतं.
बरं हाय की. त्या गेल्या.

१० एप्रिल
प्लास्टर निघालं. बाई जिना चढतायत. पायरी वाजते. निरोप द्यायला. शेवटचं विचारतील, आणि ती सांगेल.
तोंड माझं नाही. अक्षर अजून माझं आहे. ही वही पुढं करीन.
बाई, मला बरं हाय की
हे मी लिहिलं नाही. खोडतो.
मला बरं हाय की
हात — ती वळतेय. आये, मी दारातनंच गेलो, आत आलो न्हाय, आये —
बाई, दार वाजवू नका, ढकला. बरं आहे का म्हणू नका. आईचं नाव विचारा. नुसतं नाव —
बाई, मला बरं न्